इंजिन चालू आहे, पण अ‍ॅक्सलमध्ये पाणी आहे

प्रश्न : आमचे गाव शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी आहे. माझ्याकडे ९ वर्षे वापरलेली डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह जीप आहे. पूर चढत असताना आईला आणि शेजारच्या वृद्ध दांपत्याला बाहेर काढण्यासाठी मी ती पाण्यातून तीन खेपा नेली. पाणी बंपरच्या वर, पण हेडलाइटच्या खाली होते आणि इंजिन एकदाही बंद पडले नाही. नंतर गॅरेजमध्ये गाडी धुऊन घेतली. तेथे इंजिन ऑईल पाहून ‘काही झालेले नाही’ असे सांगण्यात आले. आता १५ दिवसांनी ताशी ५० किलोमीटरच्या पुढे मागून घोंगावल्यासारखा आवाज येतो, सकाळी मागचे ब्रेक किंचाळतात, रत्नागिरीहून परतताना आंबा घाटात तापमानाचा काटा वर गेला आणि फोर-व्हीलचा दिवा लुकलुकत राहतो. हे सारे पुराच्या पाण्यामुळे असेल का?

उत्तर : होय, बहुतेक सारे त्यामुळेच आहे, आणि पहिली विनंती अशी की मागच्या अ‍ॅक्सलचे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आसाचे, ऑईल पाहून होईपर्यंत कृपया ही गाडी चालवू नका. आपण घरच्यांना व शेजाऱ्यांना सुखरूप बाहेर काढलेत, ही मोठी गोष्ट आहे. त्या वेळी गाडीचा विचार करण्याची सवड नव्हती, तो आता करायचा आहे.

इंजिन ऑईल स्वच्छ निघाले याचा अर्थ इंजिनात पाणी गेले नाही, एवढाच. फोर-व्हील ड्राइव्हच्या गाडीत इंजिनाखेरीज गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), पुढचे डिफरन्शियल आणि मागचे डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद देणारा गिअरचा गोळा) अशी ऑईलची आणखी चार ठिकाणे असतात, आणि ती चारही इंजिनापेक्षा खाली, म्हणजे पाण्याच्या अधिक जवळ असतात. चारही चाकांना ताकद मिळाल्यामुळे गाडी चिखलातून निघते, पण त्यामुळे तिच्या सीलमधून, म्हणजे ऑईल गळू नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्यांमधून, पाणी आत जायचे थांबत नाही.

पाणी आत कसे जाते, ते नीट समजून घ्यावे. रस्त्यावर धावून आलेल्या गाडीचे डिफरन्शियल हात ठेववणार नाही इतके तापलेले असते. ते गार पाण्यात बुडाले की आतली हवा एकदम आकुंचन पावते आणि आत पोकळी निर्माण होते. ही हवा आत-बाहेर खेळावी म्हणून डिफरन्शियलच्या हाउसिंगवर (बाहेरच्या कवचावर) ब्रीदर नावाची बोटाच्या पेराएवढी झडप असते. ती पाण्याखाली असेल तर तेथून, आणि चिखलाने बसली असेल तर ऑईल सीलच्या ओठांमधून, पाणी आत खेचले जाते. आपण तीन खेपा केल्यात, म्हणजे गाडी तीनदा तापली आणि तीनदा बुडाली. आपल्या भागात याला आणखी एक कारण जोडले जाते, ते म्हणजे उसाचे पाचट. पुरात वाहून आलेले पाचट डिफरन्शियलच्या पिनियनजवळ (आत ताकद नेणाऱ्या लहान दातेरी चाकाजवळ) प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे अ‍ॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याला, दोरीसारखे गुंडाळले जाते आणि दोन-चारशे किलोमीटरमध्ये सीलची कड कापून काढते. गाडीखाली जाऊन आधी ते सोडवावे.

मग गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवावी, म्हणजे ऑईलपेक्षा जड असलेले पाणी तळाशी बसेल. सकाळी प्रथम ऑईल भरण्याचा वरचा बोल्ट सैल होतो का ते पाहावे, कारण तोच गंजून बसला असेल आणि खालचा आपण काढून मोकळे झालात, तर पुन्हा ऑईल घालता येणार नाही. वरचा सुटल्यावर खालचा बोल्ट सावकाश, एकेक आटा सोडवावा. आधी स्वच्छ पाण्याची धार आली आणि मागून काळपट ऑईल आले, तर पाणी नुकतेच गेलेले आहे. ऑईल जास्त दुधाच्या चहासारखे घट्ट, फिकट रंगाचे आले, तर क्राउन-पिनियनने (डिफरन्शियलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीने) ते पाण्यासकट घुसळले आहे आणि बेअरिंगना वंगण मिळालेले नाही. घोंगावणारा आवाज येत असल्यामुळे आपल्याकडे हेच दिसेल, असे मला वाटते. त्या बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असेल तर तो पुसण्याआधी बोटाने चाचपावा. करड्या, मऊ लेपाची काळजी करू नये, तो नेहमीच्या झिजेचा असतो. पापुद्रे किंवा बोटाला टोचणारा कीस लागला, तर हाउसिंग उघडून बेअरिंग बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ते आत्ताच केले तर क्राउन-पिनियनची महागडी जोडी वाचण्याची शक्यता राहते.

नुसते दुधाळ ऑईल निघाले तर नवे घालून १५-२० किलोमीटर सावकाश चालवावे, तेही काढून टाकावे आणि मग पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे ऑईल भरावे. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाहावे. पुढचे डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स यांचीही अशीच तपासणी एकाच दिवशी करून घ्यावी. चारही चाकांच्या हबमधील बेअरिंग ग्रीस भरण्याजोगी असतील तर ती काढून, धुऊन, नव्या ग्रीसने भरावीत, आणि प्रोपेलर शाफ्टच्या प्रत्येक क्रॉसला (सांध्याला) जुने, मातकट ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे ग्रीस मारावे.

ब्रेक किंचाळतात ते मागच्या ड्रममध्ये बसलेल्या गाळामुळे. बाहेरून पाण्याचा फवारा मारून तो निघत नाही, ड्रम उतरवूनच साफ करावा लागतो. वेळ लावलात तर तो गाळ पॉलिश पेपरसारखा लायनर आणि ड्रम दोन्ही घासत राहील. ब्रेक ऑईल दोन वर्षांत बदलले नसेल तर तेही बदलावे.

तापमानाचे कारण बहुधा गाडीच्या नाकाशीच सापडेल. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत चिखल आणि पाचट यांचा थर बसतो. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते, म्हणून धुणाऱ्याचे तिकडे लक्ष जात नाही. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या दाबाने सोडावे, कारण जोराच्या फवाऱ्याने पत्र्याच्या पातळ पाकळ्या दुमडतात. त्याच वेळी रेडिएटरच्या आतल्या बाजूला गोल ओरखडा उमटला आहे का, तेही पाहावे. पाण्यात फिरणारा पंखा पुढे वाकून रेडिएटरला घासतो, त्याची ती खूण असते.

लुकलुकणारा दिवा ट्रान्सफर केसजवळच्या वायरिंगच्या जोडांमध्ये ओल शिरल्यामुळे असावा. वायरमनकडून ते जोड उघडून हिरवट गंज साफ करून घ्यावा. त्यानंतर फोर-व्हील लागते की नाही याची परीक्षा ओल्या शेतात, सरळ रेषेत करावी. आपल्या गाडीत हवी तेव्हाच फोर-व्हील लावायची सोय असेल, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर ती लावून वळणे घेऊ नयेत, गिअरवर विनाकारण ताण येतो.

प्रश्न : चिपळूणजवळ ओढ्याच्या पाण्यात माझी जीप बंद पडली. दोन-तीनदा स्टार्टर मारला, पण इंजिन फिरले नाही. ओढून आणल्यावर गॅरेजमध्ये पाणी काढले आणि ती सुरू झाली. आता ठोकल्यासारखा आवाज आहे आणि धूर जास्त येतो. अशीच वापरली तर चालेल का?

उत्तर : नाही, अजिबात वापरू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. दोन लिटरच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडर सुमारे ५०० घन सेंटीमीटरचा असतो, आणि पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्यातली जेमतेम ३० घन सेंटीमीटर जागा उरते. त्या जागेत मावणार नाही एवढे, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांहून अधिक, पाणी आत आले की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडवरही इंजिन चालते, परंतु तो पिस्टन पुरेसा वर येत नाही, त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याचे प्रमाण, कमी होते आणि एखाद्या दिवशी भर रस्त्यात रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एक जरी बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आला, तर इंजिन उघडावे.

विम्याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. सर्वसमावेशक विम्यात पुराने झालेले नुकसान धरलेले असते, पण पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान विमा कंपन्या बहुधा नाकारतात, इंजिन संरक्षणाची जादा जोड घेतली असेल तर गोष्ट वेगळी. इंजिन उघडण्याआधी कंपनीला कळवून त्यांच्या सर्व्हेअरला गाडी दाखवावी.

प्रश्न : ब्रीदर उंच जागी घेता येतो का?

उत्तर : येतो, आणि पूररेषेत राहणाऱ्यांनी तो पावसाळ्याआधी घ्यावाच. ब्रीदर काढून त्या जागी ऑईल सोसणारी रबरी नळी जोडावी, ती इंजिनाच्या बॉनेटखाली सर्वांत उंच जागी न्यावी आणि मोकळे टोक खाली वळवून त्यावर लहान फिल्टर बसवावा. अ‍ॅक्सल खड्ड्यात वर-खाली होतो, त्यामुळे नळीला पुरेशी ढील ठेवावी, नाहीतर ती पहिल्याच खड्ड्यात निसटेल. मात्र यामुळे गाडीची पाण्यात उतरण्याची मर्यादा वाढत नाही. वाहत्या पाण्याची खोली दोन फूट झाली, तर ते बहुतेक गाड्या उचलून नेऊ शकते, त्यात आपली जीपही आलीच.