शेतावरचा पिढीजात वाडा आणि सहहिस्सेदाराची विक्री

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील आमच्या शेतात पणजोबांनी बांधलेला, शंभराहून अधिक वर्षांचा वाडा, गोठा आणि धान्याचे कोठार आहे. वाटप कधीच झालेले नाही. मी आईसह तेथे राहतो. पुण्यातील चुलतभाऊ आपला हिस्सा एका बांधकाम व्यावसायिकाला विकणार असून वाड्याचे कोरीव खांब आधीच उतरवले जाणार आहेत, असे कळते. आमच्या संमतीशिवाय हे करता येते का?

उत्तर : विक्री पूर्णपणे रोखता येईल, अशी आशा बाळगू नये. आपल्याकडे पूर्वापार मान्य असलेल्या मिताक्षरा (हिंदू कुटुंबकायद्याची एक परंपरा) नियमानुसार सहदायादाला, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क असणाऱ्याला, स्वतःचा अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन इतरांच्या संमतीविना विकता येतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २२ मधील अग्रहक्क, म्हणजे हिस्सा आधी घेण्याचा वारसाचा हक्क, आपणास कोणी सुचवेल. परंतु तो एकाच मृत व्यक्तीच्या वर्ग एकमधील (मुले, पत्नी, आई यांसारख्या जवळच्या) वारसांमध्ये चालतो आणि आपण दोघे वेगवेगळ्या वडिलांचे वारस असल्यामुळे तो बहुधा उपयोगी पडणार नाही. चुलतभावाला सख्खी बहीण असल्यास तिला मात्र तो बजावता येऊ शकेल.

आपले खरे बळ मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ मध्ये आहे. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा त्रयस्थाने विकत घेतला, तरी त्याला त्या घराचा संयुक्त ताबा मागता येत नाही. येथे ‘अविभक्त’ म्हणजे त्या घराची वाटणी न झालेली. एकत्र राहण्याची अट नसल्यामुळे चुलतभाऊ पुण्यात राहतो याने फरक पडत नाही. खरेदीदाराने वाटपाचा दावा लावल्यास वाटप अधिनियम, १८९३ च्या कलम ४ नुसार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा आपण घेऊ शकता. मात्र खरेदीदाराने वाटप मागितल्यावरच हा हक्क उद्भवतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. म्हणून रागाच्या भरात आपणच वाटपाचा दावा दाखल करण्याआधी हा मुद्दा आपल्या वकिलांकडून तपासून घ्यावा. घराच्या उपभोगास आवश्यक असलेले अंगण, गोठा यांनाही हे संरक्षण मागता येईल, शेतजमिनीला नाही. तिच्यासाठी १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम ६३ पाहावे लागेल, कारण बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यासाठी सर्वसाधारणपणे परवानगी लागते.

खांबांचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. वाडा केवळ जुना आहे म्हणून कायद्याने संरक्षित ठरत नाही, त्यासाठी अधिसूचना किंवा वारसा यादीतील नोंद लागते, आणि या गैरसमजात अनेक कुटुंबांचा बहुमोल वेळ गेलेला असतो. परंतु सामाईक मिळकतीची नासधूस करण्याचा अधिकार कोणाही सहहिस्सेदाराला नाही, त्यामुळे दिवाणी न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मागावा. शिवाय इमारतीपासून सुटी केलेली, शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष अधिनियमात पुरावशेषाच्या व्याख्येत येऊ शकते, आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. खांब, तुळया व दरवाजे यांची तारखेसह छायाचित्रे आजच काढून ठेवावीत.

यासोबत चुलतभावाला आणि संभाव्य खरेदीदाराला वकिलामार्फत लेखी नोटीस द्यावी. वाटप झालेले नाही, घर राहते आहे, आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींनाही सहदायादाचा हक्क असल्याने आत्या व बहिणी यांचे हिस्से वगळता विक्रेत्याचा वाटा सांगितला जातो त्याहून कमी असू शकतो, हे तीत नमूद करावे. अशी नोटीस पोहोचल्यानंतर खरेदीदाराला आपण अनभिज्ञ होतो, असे सहज म्हणता येणार नाही.