स्टेपल्ड पेप्टाइडची ओढ आणि वेर्ण्याची नोकरी

गोव्यातल्या डिचोलीहून एका पालकांनी लिहिले आहे : ‘मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेऊन शिकते. सेमिनारसाठी तिने जंतुनाशक स्टेपल्ड पेप्टाइड हा विषय घेतला आणि आता त्यातच संशोधन करणार म्हणते. पदवीनंतर तिने वेर्ण्याच्या एखाद्या औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीच्या विभागात) लागावे, असे मला वाटते. तिला काय सांगू?’

सप्रेम नमस्कार.

आपल्या कन्येने धरलेला विषय पोकळ नाही. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. 1987 साली मायकेल झासलॉफ यांनी आफ्रिकेतील एका बेडकाच्या कातडीत मॅगेनिन हे 23 अमिनो आम्लांचे पेप्टाइड शोधले. जिवाणूच्या पटलावर (पेशीच्या आवरणावर) ऋणभार असतो आणि अशा पेप्टाइडवर धनभार, त्यामुळे ते पटलाला चिकटते, मळसूत्रासारखे वळते आणि पटल फोडते. अडचण अशी की नुसत्या पाण्यात ते सैल दोऱ्यासारखे पडून राहते आणि प्रथिने तोडणारी विकरे त्याचे तुकडे करतात. म्हणून साखळीत चार घरांच्या अंतराने दोन खास अमिनो आम्ले बसवून, त्यांच्या बाजूच्या साखळ्या ग्रब्ज नावाच्या उत्प्रेरकाने जोडून, वळण टिकवणारा हायड्रोकार्बनचा टाका घालतात; हेच स्टेपल्ड पेप्टाइड. टाका भलत्या जागी पडला, तर तेच पेप्टाइड आपल्या तांबड्या रक्तपेशीही फोडते. खरे कसब या जागेच्या निवडीत आहे. 2019 साली बोस्टनच्या संशोधकांनी ती निवड पद्धतशीरपणे करून दाखवली आणि कोलिस्टिन या शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या प्रतिजैविकालाही न जुमानणाऱ्या जिवाणूंवर असे पेप्टाइड चालवले. औषधाच्या दुकानापर्यंत मात्र यातले काही पोचलेले नाही.

प्रत्यक्ष काम कसे असते, तेही आपण जाणून घ्यावे. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये पेप्टाइडचे प्रमाण दर खळग्याला निम्मे करत न्यायचे, जंतू घालून 37 अंशांवर रात्रभर ठेवायचे आणि सकाळी गढूळ न झालेला शेवटचा खळगा शोधायचा. शेजारी रक्तपेशींची चाचणी असते. तिथे वरचे पाणी लाल झाले की महिनाभराची मेहनत बाजूला ठेवावी लागते. (कित्येक हुशार मुले कंटाळतात ती इथे.)

माझे मत असे की एका रेणूवर करिअर बेतू नये, ते पेप्टाइड बनवण्याच्या हातोटीवर बेतावे. गोवा विद्यापीठात किंवा ‘जॅम’ ही एम.एस्सी.ची अखिल भारतीय प्रवेश परीक्षा देऊन बाहेर सेंद्रिय रसायनात एम.एस्सी. करताना तिने घन आधारावरचे पेप्टाइड संश्लेषण (बारीक मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत साखळी बांधणे), एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून शुद्धता पाहणे) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूचे वस्तुमान मोजणे) शिकून घ्यावी. एचपीएलसी हेच क्यूसीचेही रोजचे यंत्र असल्याने आपला वेर्ण्याचा रस्ता यात बंद होत नाही. मधुमेहावरचे सेमाग्लुटाइड हेही पेप्टाइडच असल्याने ही विद्या जंतूंपुरती नाही. पुढे नेट-जेआरएफ (राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास 2023 पासून दरमहा 37,000 रुपये विद्यावेतन आहे. पीएच.डी.ला पाच-एक वर्षे धरावीत. मात्र पदवीवरच थांबून या विषयात शिरता येईल, असे तिला वाटत असेल तर तो गैरसमज आपण आताच दूर करावा.

निर्णयापूर्वी तिच्या सेमिनारचे टिपण एकदा मागून पाहा. जंतू मरण्याच्या आकड्यांशेजारी रक्तपेशी फुटण्याचे आकडेही तिने स्वतःहून मांडले असतील, तर क्यूसीची घाई करू नये.