पत्रमैत्री : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात पत्रमैत्रीविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही केले होते. आलेल्या पत्रांतून चार प्रश्न निवडले आहेत. मिळत्याजुळत्या प्रश्नांची उत्तरे त्यांतच एकत्र दिली आहेत.

प्रश्न : मी नुकताच शिक्षकी पेशातून निवृत्त झालो. शाळकरी वयात मासिकांतील ‘पत्रमैत्री’ सदरांतून पत्ते घेऊन मी पत्रे लिहीत असे. आता पुन्हा लिहावेसे वाटते, परंतु अशी सदरे दिसेनाशी झाली आहेत. पत्रमित्र कुठे शोधावा, आणि ज्याला कधी पाहिले नाही त्याला पहिल्या पत्रात काय लिहावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाव, वय, पत्ता आणि ‘छंद : वाचन, तिकिटे जमवणे’ असे छापणारी ती सदरे गेली, हे खरेच आहे. परदेशी पत्रमित्र जुळवून देणाऱ्या संस्थांचीही तीच गत झाली. फिनलंडमधील तुर्कू येथून १९५२ पासून शाळकरी मुलांना पत्रमित्र मिळवून देणारी इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस ही संस्था २००८ मध्ये बंद पडली. तरीही आपल्या वयाच्या माणसाला पत्रमित्र मिळणे आजही अवघड नाही, असे आमचे मत आहे. सुरुवात ओळखीच्या परिघातून करावी. दुसऱ्या जिल्ह्यात स्थायिक झालेला जुना सहाध्यायी, बदलीमुळे दूर गेलेले सहशिक्षक किंवा इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी मंडळींपैकी कोणी आपल्यासारखेच उत्सुक असण्याची शक्यता पुष्कळ असते. गावातील ग्रंथालयात आणि टपालतिकिटांच्या संग्राहकांमध्ये विचारणा करावी, कारण पत्रांची ओढ असलेली माणसे तिथे हमखास भेटतात.

परदेशाशी संपर्क हवा असेल तर ‘पोस्टक्रॉसिंग’ हा संकेतस्थळावरून चालणारा पोस्टकार्डांचा उपक्रम आहे. पाउलो मागाल्हाइस या पोर्तुगीज तरुणाने २००५ मध्ये तो सुरू केला. त्यात नाव नोंदवल्यावर एखाद्या अनोळखी सभासदाचा पत्ता आणि एक क्रमांक मिळतो, तो क्रमांक लिहून आपण कार्ड पाठवतो, आणि ते पोहोचल्याची नोंद झाली की तिसऱ्याच कोणा सभासदाकडून आपल्याला कार्ड येते. म्हणजे ज्याला लिहिले त्याच्याकडून उत्तर येईलच असे नाही. जगभरची कार्डे हाती पडण्याचा आनंद त्यात नक्कीच आहे, पण त्याला पत्रमैत्री म्हणता येणार नाही. ज्याच्याशी सूर जुळेल त्याला ‘आपणास नियमित पत्रव्यवहार आवडेल का’ असे स्वतंत्रपणे विचारावे लागते.

आता पहिल्या पत्राविषयी. ते एका पानात संपवावे. बहुतेक पहिली पत्रे नोकरीच्या अर्जासारखी होतात. त्यांत जन्मगाव, शिक्षण, कुटुंब आणि आवडीनिवडी यांची यादी असते, आणि वाचणाऱ्याला उत्तरात आपली तशीच यादी पाठवण्याखेरीज काही सुचत नाही. त्यापेक्षा आपल्या भोवतालची एक गोष्ट निवडून ती नीट सांगावी. आपण सांगलीचे आहात, तर हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद कशी साठवत असत, पेव उघडताना काय काळजी घेत आणि हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत बाजाराचे रूप कसे पालटते, हे आपण जितके जाणता तितके दूरचा माणूस जाणत नाही. त्यानंतर समोरच्याला असा एक प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर केवळ तोच देऊ शकेल. ‘आपण कसे आहात’ या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत संपते. ‘आपल्या गावात पावसाळ्याआधी घरोघरी कसली तयारी चालते’ या प्रश्नाला दोन पाने पुरत नाहीत.

काहींनी मायन्याबद्दल विचारले आहे. अपरिचित समवयस्काला ‘स. न. वि. वि.’ लिहावे आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ म्हणावे. ‘प्रिय’ हा मायना पुढे ओळख वाढली की आपोआप येतो, त्याची घाई करू नये.

पहिल्या पत्रापेक्षाही दुसऱ्या पत्राला आम्ही अधिक महत्त्व देतो. आपल्याला आलेले उत्तर समोर उघडे ठेवूनच ते लिहावे. मित्राने काय विचारले, कशाचा नुसता उल्लेख करून तो पुढे गेला, कोणत्या आजाराची किंवा कोणत्या परीक्षेची गोष्ट त्याने अर्धी सोडली, या सगळ्याला आधी उत्तर द्यावे आणि मगच आपले सांगावे. आपले पत्र कोणीतरी लक्षपूर्वक वाचले आहे, ही खात्री ज्याला मिळते तो पुन्हा लिहितो. ज्याला ती मिळत नाही त्याचा हात हळूहळू थांबतो. धारवाडला राहणारे जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे यांचा स्नेह प्रामुख्याने पत्रांवर जोपासला गेला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. जी. एं.च्या निधनानंतर त्यांच्या पत्रांचे खंड प्रसिद्ध झाले, तेही याच दृष्टीने वाचावेत. त्यांच्या भाषेचे अनुकरण करण्याची मुळीच गरज नाही, पण समोरच्याच्या मजकुराला उत्तर कसे द्यावे हे त्यांतून शिकता येते.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या वर्गातील मुलांनी दुसऱ्या राज्यातील एका शाळेच्या मुलांशी पत्रमैत्री करावी, असे शाळेत ठरले आहे. तिला फार उत्साह आहे; मला मात्र घरचा पत्ता अनोळखी व्यक्तीकडे जाण्याची भीती वाटते. तिला परवानगी द्यावी का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : अवश्य द्यावी, आणि आपली भीतीही रास्त मानावी. शाळा ते शाळा असा पत्रव्यवहार हा मुलांसाठी सर्वांत सुरक्षित प्रकार आहे, मात्र त्यासाठी दोन्ही बाजूंची पत्रे शाळेच्याच पत्त्यावर आणि वर्गशिक्षकांच्या मार्फत यायला हवीत. पत्रात मुलीने फक्त स्वतःचे नाव लिहावे. आडनाव, घराचा पत्ता, फोन क्रमांक, शिकवणीच्या वेळा आणि जाण्यायेण्याचे रस्ते लिहू नयेत. आरंभीची पत्रे पाठवण्यापूर्वी आपण वाचावीत, परंतु तिला सांगून वाचावीत. चोरून वाचलेल्या पत्राने आईवडिलांवरचा विश्वास जातो आणि पुढे खरी अडचण आली तर मूल बोलत नाही. ‘हे घरी सांगू नकोस’ असे कोणी लिहिले, छायाचित्रांचा आग्रह धरला किंवा पैसे अथवा वस्तू मागितल्या, तर ते पत्र त्याच दिवशी आपल्याला दाखवायचे, हे तिच्याशी आधीच बोलून ठेवावे. अशा मागण्यांबाबत प्रौढ वाचकांनीही हीच सावधगिरी बाळगावी. ज्यांना घरचा पत्ता द्यायचा नाही, त्यांना पोस्टात वार्षिक भाडे भरून पोस्ट बॉक्स घेता येतो.

एक विनंती मात्र मनापासून करावीशी वाटते. मुलीच्या पत्रातील शुद्धलेखन सुधारून ते पुन्हा लिहायला लावू नका. समोरच्या मुलीला तिच्या वयाची मैत्रीण हवी आहे, आपण तपासलेला निबंध नको आहे. लेखनाची स्पर्धात्मक हौस असेल तर जागतिक टपाल संघटना १९७१ पासून मुलांसाठी आंतरराष्ट्रीय पत्रलेखन स्पर्धा घेते आणि भारतीय टपाल खातेही पत्रलेखनाच्या स्पर्धा भरवते. नीटनेटक्या लेखनाचा कस तिथे लागू द्यावा.

प्रश्न : कार्ड, आंतरदेशीय पत्र की पाकीट, काय वापरावे? पत्र गहाळ होऊ नये म्हणून प्रत्येक वेळी रजिस्टर करावे का?
— एक वाचिका, मडगाव

उत्तर : पोस्टकार्ड ५० पैशांना, आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांना आणि २० ग्रॅमपर्यंतचे पाकीट पाच रुपयांत जाते. नेहमीच्या जाडीचा ए-फोर आकाराचा कागद सुमारे ५ ग्रॅम भरतो, त्यामुळे पाकिटासह तीन कागद झाले की वजनाची मर्यादा गाठली जाते. त्यापुढे पोस्टात वजन करून घ्यावे, नाहीतर कमी पडलेल्या तिकिटांचा भुर्दंड मित्राला पडतो. आंतरदेशीय पत्रात फोटो किंवा वाळलेले फूल घालू नये, कारण त्यात काहीही घालण्यास मनाई आहे.

२०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. मैत्रीच्या प्रत्येक पत्रासाठी तेवढा खर्च करण्याचे कारण नाही. त्याऐवजी पत्रावर तारखेशेजारी अनुक्रमांक घालावा. सातव्यानंतर एकदम नववे पत्र आले की आठवे वाटेत हरवले, हे मित्राला लगेच कळते. पत्त्यात पिनकोड न विसरता लिहावा. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी आखलेली ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू आहे आणि भाषा किंवा गावाच्या नावाचा घोटाळा झाला तरी ती पत्राला योग्य ठिकाणी पोहोचवते. परदेशी पत्रावर पत्ता रोमन लिपीत लिहून देशाचे नाव शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत लिहावे. पाठवणाऱ्याचा पत्ताही पाकिटावर असलाच पाहिजे.

प्रश्न : एका पत्रमैत्रिणीशी माझा दोन वर्षे उत्तम पत्रव्यवहार होता. गेल्या तीन पत्रांना तिचे उत्तर नाही. माझे काही चुकले असेल का? पुन्हा लिहावे की थांबावे?
— एक वाचिका, अकोला

उत्तर : आपली व्यथा आम्हाला समजते, कारण पत्रातील मौनाला चेहरा नसतो आणि मन त्याचे वाटेल ते अर्थ लावत बसते. तरीही दोन वर्षे नियमित लिहिणारी व्यक्ती एखाद्या वाक्याने दुखावून कायमची गप्प झाली असेल, हे आम्हाला फारसे संभवनीय वाटत नाही. घर बदलणे, आजारपण, घरातील मृत्यू, नवे मूल किंवा नवी नोकरी यांपैकी काहीतरी घडलेले असणे अधिक शक्य आहे. त्यातच एक पत्र उत्तराविना राहिले की संकोच वाटू लागतो, तो संकोच पुढचे पत्र लिहू देत नाही, आणि तीन पत्रे साठली की त्यांना उत्तर देणे डोंगराएवढे होऊन बसते. आपण पाठवलेली तीन पत्रे बहुधा याच कारणाने तिला जड होत असावीत.

म्हणून चौथे लांब पत्र लिहू नये. साध्या पोस्टकार्डावर चार ओळी लिहाव्यात, मात्र कार्ड कोणीही वाचू शकते हे लक्षात ठेवून खासगी काही लिहू नये. ‘आपण बरे असाल अशी आशा आहे. मागील पत्रांची उत्तरे राहिली असतील तर ती तशीच राहू द्यावीत. सवड होईल तेव्हा खुशालीची एक ओळ पाठवावी.’ एवढे पुरेसे आहे. तक्रार करू नये आणि कारणही विचारू नये. त्या कार्डालाही उत्तर आले नाही, तर वर्षातून एकदा, दिवाळीला किंवा तिच्या वाढदिवसाला, शुभेच्छांचे कार्ड पाठवावे आणि बाकीचा काळ तिला मोकळे सोडावे. तिचे पत्र आले तर उत्तर नेहमीसारखे लिहावे, मधल्या काळाचा जाब न मागता, तिने जे सांगितले असेल त्यापासूनच सुरुवात करून.