‘संवेदनशील’ लिहिण्याआधी

भाऊ, तुझं भाषांतर वाचलं. ‘सेन्सिटिव्हनेस’ दिसला की तू डोळे मिटून ‘संवेदनशीलता’ ठोकतोस. गार पाण्याने दात शिवशिवतात, भाजलेली कातडी हुळहुळते. तिथे तो शब्द कशाला? जळगावच्या सराफाचा काटा फुंकरीनेही हलतो, तो सुग्राही. माणसाचं मात्र जपून बघ. दुसऱ्याचं दुःख कळणारा संवेदनशील, पटकन डोळे भरणारा हळवा, आणि आहेरावरून तोंड फुगवणारा (आपल्याकडे असे बरेच!) नुसता रुसका. ‘संवेदनशील मतदान केंद्र’ राहू दे, ते रूढच आहे. मीही एकदा लिहिलं होतं, ‘केळी थंडीस संवेदनशील असते.’ रावेरच्या शेतकऱ्याने विचारलं, ‘म्हणजे रडते का?’ सरळ लिही: केळीला थंडी सोसत नाही.