आवडनिवड ओळखण्याचा खेळ, सीए आणि 40,000 रुपये

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत अकरावी वाणिज्य शाखेत शिकते. दहावीनंतरच्या सुट्टीत तिने पत्त्यांचा एक खेळ तयार केला. त्यात 120 पत्ते असून प्रत्येकावर एक प्रश्न आणि दोन पर्याय आहेत. ज्याची पाळी असेल त्याने आपली निवड गुपचूप लिहून ठेवायची आणि बाकीच्यांनी ती ओळखायची. गणपतीत घरी जमलेल्या सर्वांना खेळ फार आवडला (माझ्या जाऊबाई मात्र एका पत्त्यावरून रुसल्या), पण कॉलेजमधल्या नव्या मैत्रिणी दहा मिनिटांत कंटाळल्या. तेव्हापासून ती सतत त्यातच गुंतलेली असते आणि ‘मला सीए करायचे नाही, खेळ डिझाइन करायचे आहेत’ असे म्हणते. एका परिचितांनी 40,000 रुपयांत खेळाचे पेटंट काढून देतो असे सांगितले आहे. यात खरोखर करिअर असते का? तिला थांबवावे की पैसे घालावेत?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील ज्या वाक्याशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले, ते म्हणजे घरी रंगलेला खेळ मैत्रिणींमध्ये दहा मिनिटांत पडला, हे वाक्य. आपण ते ओघात लिहिले आहे. मला मात्र मुलीचा कल तपासण्यासाठी त्याहून चांगले साधन दिसत नाही. हा खेळ तेथे का पडला, याचे उत्तर शोधण्यात तिला रस आहे की केवळ झालेल्या कौतुकात, यावर पुढचे बरेचसे अवलंबून आहे. म्हणून आधी खेळाबद्दल लिहिते आणि मग करिअरकडे वळते.

घरच्या मंडळींमध्ये एखाद्याची आवड ओळखणे हा आठवणींचा खेळ असतो. काकांना मोदक उकडीचे आवडतात की तळणीचे, हे ओळखताना पुतण्याच्या डोळ्यांपुढे दहा वर्षांच्या पंगती असतात. उत्तर बरोबर आले तर काकांना आपली दखल घेतली गेल्याचे समाधान मिळते आणि चुकले तर ‘इतकी वर्षे माझ्या ताटाशेजारी बसतोस आणि एवढे ठाऊक नाही?’ असा लटका राग रंगतो, म्हणजे दोन्हीकडून खेळ जिंकतो. दोन महिन्यांच्या ओळखीच्या मैत्रिणींकडे अशी शिदोरी नसते. त्यांनी नुसता अंदाज ठोकला तरी दोन पर्यायांत तो निम्म्या वेळा बरोबर येणारच, आणि नाणे उडवून मिळालेल्या गुणाचा आनंद फार काळ टिकत नाही. तेव्हा दोष तिच्या प्रश्नांत कमी आणि खेळाच्या बांधणीत जास्त आहे, हे तिला आवर्जून सांगावे.

या अडचणीशी झुंजणारी ती पहिली नाही. अमेरिकेत 1966 मध्ये सुरू झालेल्या ‘द न्यूलीवेड गेम’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात नवविवाहित जोडप्यांना एकमेकांची उत्तरे ओळखावी लागत. तेथे खेळाडू जोडीदारच असल्याने आठवणींची शिदोरी आपोआप मिळत होती. अनोळखी माणसांसाठी खेळ करणाऱ्यांना दुसरी वाट शोधावी लागली. 1999 मधील ‘अ‍ॅपल्स टु अ‍ॅपल्स’ या खेळात दर फेरीत एक जण परीक्षक होतो, एक विशेषण उघडले जाते आणि बाकीचे आपल्या हातातील नामांच्या पत्त्यांपैकी एक पत्ता देतात. परीक्षकाला जो भावेल तो जिंकतो. शब्दाला शब्द अचूक जुळला की नाही, यापेक्षा या परीक्षकाला काय गमतीचे वाटेल हे तेथे महत्त्वाचे ठरते. दोन-तीन फेऱ्यांत कोण तर्कशुद्ध आहे आणि कोण वात्रट आहे हे सर्वांना कळू लागते, म्हणजे आवड ओळखण्यासाठी लागणारी माहिती खेळ स्वतःच पुरवत जातो. आपल्या मुलीच्या खेळात नेमके हेच नाही. तिचा प्रत्येक पत्ता सुटा आहे आणि पहिल्या फेरीत मैत्रिणीबद्दल जे समजले त्याचा पाचव्या फेरीत काहीच उपयोग होत नाही.

एक बदल करून पाहण्यासारखा आहे. दोन पर्यायांऐवजी पाच गोष्टी देऊन त्या आवडीच्या क्रमाने लावायला सांगाव्यात. पाच गोष्टींचे 120 क्रम होतात (योगायोगाने तिच्या पत्त्यांइतकेच), त्यामुळे संपूर्ण क्रम ओळखणे जवळजवळ अशक्य होईल आणि खेळणारे हिरमुसतील. पण फक्त सर्वांत आवडती आणि सर्वांत नावडती गोष्ट ओळखायची ठरवली, तर शक्यता 20 उरतात आणि दोन्हींपैकी एक बरोबर आली तरी अर्धे गुण देता येतात. शिवाय माणूस नावडीबद्दल अधिक मोकळेपणाने बोलतो, असा माझा अनुभव आहे. कोणाला कारले का आवडत नाही, यावर आपल्याकडे एक अख्खी संध्याकाळ जाऊ शकते.

गुण देण्याची पद्धतही तिने तपासावी. सर्वांनाच ओळखता आलेली आवड नीरस असते आणि कोणालाच न ओळखता आलेली निरर्थक. 2008 मध्ये आलेल्या ‘डिक्सिट’ या फ्रेंच खेळाने यावर सुरेख तोड काढली आहे. त्यात एक खेळाडू आपल्या चित्राला सूचक असे काहीतरी बोलतो आणि इतर जण आपापले एकेक चित्र त्यात मिसळतात; मग त्यांनी त्या सर्व चित्रांतून त्याचे चित्र ओळखायचे असते. सर्वांनी ओळखले किंवा कोणीच ओळखले नाही, तर त्या खेळाडूला शून्य आणि बाकी सर्वांना 2 गुण मिळतात. काहींनाच ओळखता आले, तर त्याला आणि ओळखणाऱ्यांना 3 गुण मिळतात. या एका नियमामुळे सूचना फार सोपी किंवा फार दुर्बोध देण्याचा मोह आपसूक आवरतो. तिच्या खेळात हा नियम जसाच्या तसा बसणार नाही, कारण तेथे उत्तर देणाऱ्याने लबाडी केली तर ती पकडायची कशी, हा आणखी एक प्रश्न आहे. आवडीला साक्षीदार नसतो. उत्तर आधी पालथे ठेवायला लावणे हा अर्धा उपाय झाला. खरे उत्तर देण्यातच उत्तर देणाऱ्याचा फायदा असेल अशी गुणपद्धती रचणे हा पुरा उपाय, आणि त्यासाठी तिला बराच घाम गाळावा लागेल.

आता जाऊबाईंबद्दल. तो पत्ता कोणता होता ते आपण लिहिले नाही, पण ‘आईच्या हातची आमटी की सासूबाईंच्या हातची’ अशा जातीचा असावा, असा माझा तर्क आहे. आवडीच्या प्रश्नांत माणसांची तुलना आली की गंमत संपते आणि हिशेब सुरू होतो. लग्न, पैसा, रंग, वजन आणि नातलगांमधील डावे-उजवे हे विषय वगळावेत, आणि कोणताही पत्ता कारण न देता बाजूला ठेवण्याची मुभा प्रत्येकाला असावी. पुरणपोळी दुधाबरोबर, तुपाबरोबर की कटाच्या आमटीबरोबर, यावरही लोक पुरेसे तावातावाने भांडतात.

तिला आपल्याच घरातील एक उदाहरण दाखवावे. ‘नाव, गाव, फळ, फूल’ खेळताना एकट्यालाच सुचलेल्या उत्तराला 10 गुण आणि दोघांचे तेच आले तर 5, या नियमामुळे आपण नकळत दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेत असतो: ‘आ’वरून सगळे आंबाच लिहिणार, मग मी आवळा लिहितो. भोंडल्याची खिरापत ओळखतानाही डब्यातील पदार्थाइतकाच त्या घरच्या बाईचा स्वभाव ओळखावा लागतो. आणि वाणिज्य शाखा या साऱ्यापासून दूर आहे असे तिला वाटत असेल, तर अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी 1936 मध्ये शेअर बाजाराला दिलेली उपमा तिने जरूर वाचावी. वर्तमानपत्रातील 100 छायाचित्रांतून सर्वांत सुंदर 6 चेहरे निवडायचे आणि ज्याची निवड सर्व स्पर्धकांच्या सरासरी पसंतीशी सर्वांत जास्त जुळेल त्याला बक्षीस, अशा स्पर्धेत शहाणा माणूस स्वतःच्या आवडीचा चेहरा निवडत नाही. इतरांना काय आवडेल याचा, आणि इतर जण इतरांबद्दल काय समजतील याचाही अंदाज घेतो. आपल्या मुलीच्या खेळाचा गाभा हाच आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. केवळ पत्त्यांचे आणि पटावरचे खेळ रचून भारतात पूर्ण वेळ उपजीविका करणारी माणसे फार थोडी आहेत, आणि हे मी आपल्यापासून लपवणार नाही. खेळ प्रकाशकाला दिला तर रचनाकाराला साधारणतः प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेच्या 5 ते 8 टक्के मानधन मिळते. समजा खेळाची किंमत 600 रुपये आहे, दुकानदाराचा वाटा जाऊन प्रकाशकाला 300 रुपये मिळतात आणि मानधन 6 टक्के ठरले, तर प्रत्येक खेळामागे 18 रुपये आणि 1,000 खेळ विकले गेले तर 18,000 रुपये हाती येतील. त्यामागे दोन वर्षांचे काम असू शकते. हा हिशेब तिने स्वतः मांडावा, आपण तो तिच्यापुढे टाकू नये. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला तो जमेल आणि स्वतः काढलेला आकडा माणसाला पटतो.

मात्र खेळ रचण्याचे कौशल्य याच एका बाजारात विकले जाते असे नाही. मोबाइल खेळ, शैक्षणिक साहित्य, संग्रहालयांतील उपक्रम, कंपन्यांची प्रशिक्षण शिबिरे आणि वापरणाऱ्यांच्या सवयींचा अभ्यास करणारी डिझाइनची कामे या सर्व ठिकाणी नियम आखून माणसे कशी वागतात हे पाहणारी व्यक्ती लागते. तिकडे जाण्याचा एक सरळ रस्ता बारावीनंतरच्या डिझाइन पदवीचा आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागातील पदवीसाठी यूसीड ही परीक्षा असते आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट ही स्वतंत्र परीक्षा असते. दोन्हींना वाणिज्य शाखेचे विद्यार्थी बसू शकतात. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत पदव्युत्तर पातळीवर खेळणी आणि खेळ यांच्या डिझाइनचा खास अभ्यासक्रम आहे, त्यामुळे कोणतीही पदवी आधी मनापासून पूर्ण करून नंतर तिकडे वळण्याचा मार्गही खुला राहतो. यूसीडची नोंदणी साधारण दिवाळीच्या आसपास सुरू असते आणि परीक्षा जानेवारीत होते, म्हणून तिच्यासाठी ती तारीख पुढच्या वर्षीच्या दिवाळीची आहे. चित्रकलेचा सराव मात्र आतापासून हवा.

सीएबद्दल आज निर्णय घेण्याची गरजच नाही. फाउंडेशन ही तिची पहिली परीक्षा बारावीनंतर द्यायची असते आणि 2024 पासून ती वर्षातून 3 वेळा होते. थोडा उशीर झाल्याने दार बंद होत नाही. अकरावीचा अभ्यास व्यवस्थित चालू ठेवण्याच्या अटीवर आठवड्यातील ठरावीक सहा-सात तास खेळासाठी द्यावेत आणि त्या वेळात तिला कोणीही हटकू नये, अशी तडजोड मी सुचवेन.

पेटंटचे 40,000 रुपये कृपया देऊ नका. भारतीय पेटंट कायदा, 1970 च्या कलम 3(एम) नुसार खेळ खेळण्याची पद्धत हा पेटंटयोग्य शोध मानला जात नाही. नियमपत्रकातील मजकूर आणि पत्त्यांवरील चित्रे यांना 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण निर्मितीबरोबरच मिळते, त्यामागील कल्पनेला मिळत नाही. नावाला पुढे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येईल, पण त्यासाठी आधी विकण्याजोगा खेळ हवा. छपाईतही सध्या पैसे घालू नयेत. विक्रीची वेळ आलीच, तर 14 वर्षांखालील मुलांसाठी असलेल्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, हे लक्षात ठेवून खेळ कोणत्या वयासाठी आहे ते आधीच ठरवावे. आत्ता जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद आणि एक कात्री पुरेशी आहे.

खर्च करायचाच असेल तर एका जाड वहीचा करावा. प्रत्येक वेळी खेळ झाला की तारीख, खेळाडू किती, ते एकमेकांना किती काळ ओळखतात, एकूण वेळ, कोणत्या पत्त्यावर हसू आले, कोणता पत्ता बाजूला ठेवला गेला आणि कोणता नियम दोनदा समजावावा लागला, एवढे तिने त्यात लिहावे. एका वेळी एकच नियम बदलावा, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. डिझाइन संस्थेच्या मुलाखतीत छापील, चकचकीत डबा दाखवणारे विद्यार्थी असतात. फसलेल्या 20 प्रयोगांची आणि त्यांतून बदलत गेलेल्या नियमांची वही समोर ठेवणारे कमी असतात, आणि माझ्यापुढे त्या दोघांपैकी एकाची शिफारस करण्याची वेळ आली तर मी वहीवाल्याची करेन. वही भरता भरता तिला कंटाळा आला, तर तेही उपयोगी उत्तर आहे आणि त्याची किंमत एका वहीइतकीच पडेल.

दिवाळीच्या सुट्टीत पहिली चाचणी घ्यावी. चार-पाच अशा मुली बोलवाव्यात ज्या एकमेकींना फारशा ओळखत नाहीत, त्यांच्या हाती फक्त पत्ते आणि लेखी नियमपत्रक द्यावे, आणि आपल्या मुलीने त्याच खोलीच्या कोपऱ्यात वही घेऊन, काहीही न समजावता बसावे. ते तिला फार जड जाईल. फराळाचे ताट घेऊन आपण आत गेलात, तर कृपया आपणही नियम समजावू नका.