पंख्यासारखं शीड बघून लोक थांबतात

प्रश्न: मी साउथॅम्प्टनला असतो, मागच्या वर्षी जुनी २५ फुटी बोट घेतली, तिला चिनी पद्धतीचं जंक शीड आहे. शेजारचे बोटवाले रोज येऊन सांगतात की हे काढ आणि सरळ तिकोनी शीड लाव. काढू का?

उत्तर: अजिबात नको! १९६० साली ब्रिटिश दर्यावर्दी ब्लॉन्डी हॅस्लर असंच शीड लावलेली २५ फुटी ‘जेस्टर’ घेऊन प्लिमथहून न्यूयॉर्कला एकटे गेले, ४८ दिवस लागले, अटलांटिकच्या त्या पहिल्या एकट्याच्या शर्यतीत दुसरे आले. वारा वाढला की तुम्ही बसल्या जागेवरून दोरी सैल सोडता आणि शिडातली एकेक आडवी पट्टी खालच्या पट्टीवर टप टप येऊन बसते, पंखा मिटावा तशी, ओल्या डेकवर जायचं कामच नाही, मला तरी हे फार मोलाचं वाटतं. हां, वाऱ्याच्या तोंडावर जाताना सपाट शिवलेलं जंक मागे पडतं, तेवढं शेजाऱ्यांचं खरंय. त्यासाठी दोन पट्ट्यांमधल्या प्रत्येक कापडाला थोडं पोट, म्हणजे फुगवटा, देऊन नवीन शीड शिवून घ्या, बराच फरक पडतो. आणि शेजाऱ्यांना एकदा बोटीवर बोलवा, दोरी त्यांच्याच हातात द्या.