वावर पाहिल्याशिवाय बाटली नाही

प्रिय पोरी,

तुझा मेसेज परवा रात्री साडेअकराला वाचला. उत्तर तीनदा टाईप केलं, तीनदा पुसलं, मग म्हटलं हे दोन ओळींचं काम नाही, पत्रच लिहू. तू लिहिलंस की एक कृषी केंद्रवाले औषधाच्या लायसनसाठी तुझी डिग्री भाड्याने मागतायत, दुकान त्यांचं, माल त्यांचा, गिऱ्हाईक त्यांचं, तुझा फक्त बीएस्सी अ‍ॅग्रीचा कागद लायसनला लागणार, महिन्याचे पैसे घरबसल्या खात्यात येणार आणि तू तोवर एमपीएससीचा अभ्यास करणार. बाबा म्हणतात सगळेच देतात. आणि शेवटी विचारलंस, "काका, मी तिथे हजरच नसणार, तर माझ्या हातून वाईट काय होणार?"

त्या शेवटच्या ओळीने माझी झोप घालवली. २०१७ साली मी स्वतःला अगदी हेच सांगत होतो, की मी तिथे हजर नव्हतो.

हुशार आहेस, कष्टाळू आहेस वगैरे लिहीत बसत नाही. आधी हे समजून घे की ते तुझा कागद मागतात कशाला. २०१५ साली कीटकनाशकांच्या नियमात दुरुस्ती झाली आणि औषध विकायचं तर शेतीची नाहीतर विज्ञानाची डिग्री असलेलं माणूस पाहिजे अशी अट आली. (नंतर जुन्या दुकानदारांना कोर्स करून सवलत मिळाली, मीही तसाच टिकलो.) अट आली कारण आपल्याकडे पिकाचा डॉक्टर म्हणजे कृषी केंद्रवालाच. कृषी सहायकाकडे इतकी गावं की तो पंचनामे करेल, अर्ज भरेल का वावरात जाईल, आणि विद्यापीठ तर लांबच राहिलं. मग शेतकरी पान तोडून खिशात घालतो, दुकानात येऊन ते चुरगळलेलं पान काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "द्या काहीतरी जालीम." त्या घडीला काउंटरमागे शिकलेलं माणूस उभं असावं एवढंच नियमाचं म्हणणं आहे. आणि आपण माणूस घरी ठेवून कागद लटकवतो.

माझं सगळं शहाणपण एका ओळीत मावतं, वावर पाहिल्याशिवाय बाटली द्यायची नाही. तुझे सर याला सर्वेक्षण, आर्थिक नुकसान पातळी वगैरे म्हणतात, ते बरोबरच आहे, पण मी हे पुस्तकातून शिकलो नाही.

२०१७ ला तू शाळेत असशील. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी हवा दमट, पऱ्हाटी (कापसाचं झाड) माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली आणि बोंडअळीची धास्ती घराघरात. २००२ मध्ये बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं कापसाचं बियाणं आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं अळीचा विषय संपला. मग गुलाबी बोंडअळी त्यालाही सरावली. पाकिटाबरोबर ती बिगरबीटीची १२० ग्रॅमची पुडी यायची, धुऱ्याने म्हणजे बांधाकडेने लावायला, अळी बीटीला सरावू नये म्हणून, ती किती जणांनी लावली? माझ्या दुकानासमोरच्या नालीत पडलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि ती कशासाठी आहे हे मीसुद्धा कोणाला समजावून सांगितलं नव्हतं. वरून फरदड, म्हणजे मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी आणि अळीला वर्षभर घर. हे सगळं साठत साठत त्या हंगामात आलं आणि माणसं डोक्याच्या वरच्या पिकात शिरून वरच्या दिशेने फवारत होती, औषध परत त्यांच्याच तोंडावर छातीवर पडत होतं. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० पेक्षा जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली, कितीतरी जणांच्या डोळ्यांना त्रास झाला.

माझ्या दुकानातलं सांगतो. ऑगस्टमध्ये एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला, पोराला पाठवतो, जालीम दे. पोरगा बाईकवर आला, मी दोन बाटल्या दिल्या, एक प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण आणि एक मोनोक्रोटोफॉस, वर एक टॉनिक. तू शिकलेली आहेस म्हणून तुला लगेच कळेल मी काय केलं ते. प्रोफेनोफॉस आणि मोनोक्रोटोफॉस दोन्ही एकाच जातीची विषं, दोन्ही शरीरातल्या त्याच एन्झाइमवर बसतात, नसा आणि स्नायूंचं सगळं गणित बिघडतं. ती दोन्ही एका पंपात गेली. आणि फवारणारा ना तो शेतकरी होता ना तो पोरगा, तो तिसराच, रोजंदारीचा माणूस, त्याच्याशी मी एक शब्द बोललो नव्हतो. तो आहे हेच मला माहीत नव्हतं. संध्याकाळी त्याला उलट्या, तोंडातून लाळ, घामाने भिजलेला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. दवाखान्यात डॉक्टर विचारतात कोणतं औषध होतं, कोणालाच सांगता येईना, बाटल्या धुऱ्यावर पडलेल्या. रात्री दहाला मला फोन आला, मी बिलबुक काढून नावं वाचून दाखवली. या जातीच्या विषाला निदान अ‍ॅट्रोपिनचा उतारा तरी आहे, काही औषधांना उताराच नाही, म्हणून बाटली सोबत न्यायची असते, हे त्या दोघांपैकी कोणाला मी सांगितलं होतं? माणूस वाचला. अकरा दिवसांनी घरी आला. एका डोळ्याने अजूनही त्याला नीट दिसत नाही.

तपासणीवाले आले, माझ्याकडे काही सापडलं नाही. लायसन होतं, पक्कं बिल होतं, मुदतीतला माल होता, दोन्ही औषधांना कापसावर लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरायची मान्यता होती. आजही मी कोणासमोरही सांगेन की कायद्याने मी चुकलो नव्हतो. कंपनीचं टार्गेट होतं, उधारी लाखांत अडकलेली, दोन मुली शिकत होत्या, आणि मी दिलं नसतं तर चौकातल्या दुसऱ्या दुकानातून त्याने तेच घेतलं असतं, हे शंभर टक्के. हे सगळं खरं आहे. मी हे घरात इतक्यांदा बोललोय की बायको आता उठून आत जाते. पण आठवड्याने मी त्या वावरात गेलो. पीक माझ्या डोक्याच्या वर, आत शिरून तोंड वर करून कोणी फवारूच नये अशी अवस्था. आणि डोमकळ्या, म्हणजे अळीने आतून जखडलेली न उमललेली फुलं, मोजल्या तर शंभर फुलांत चार. फवारायची पातळी दहा टक्के, त्याच्या आत आहे म्हणजे त्या आठवड्यात फवारणीची गरजच नव्हती! नुसतं वावर पाहिलं असतं तर. तीन किलोमीटरवर होतं गं.

तेव्हापासून मी हट्टाला पेटलो. माझ्याकडे भिंग आहे, दहा पानं उलटी करून तुडतुडे मोजतो, दर पानाला दोन-तीनच्या खाली असले तर काही देत नाही. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे, लावायला लावतो, हेक्टरी पाच, रोज सापळ्यात आठ पतंग असे सलग तीन दिवस सापडले तर पुढचं बोलू. नाहीतर निंबोळी अर्क पाच टक्के, घरी करा, माझ्याकडून काही घेऊ नका. पहिल्या दोन हंगामात निम्मं गिऱ्हाईक गेलं. लोक म्हणायचे हा दुकानदार आहे का मास्तर. गेले ते गेले. भाऊ म्हणाला दुकान बंद पडेल, नाही पडलं, लहान झालं.

आता तू म्हणशील काका, हे सगळं धोरणाचं आहे, एका दुकानाने काय होतं. धोरण चुकीचंच आहे, मी कुठे नाही म्हणतो? २०१७ मध्ये राज्याच्या हातात कायद्याने ६० दिवसांची बंदी एवढंच होतं, कायमची बंदी दिल्लीच्या हातात. २०२० मध्ये केंद्राने २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला, तीन वर्षांनी प्रत्यक्ष बंदी आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांवर. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर २००५ पासूनच बंद होतं, आणि २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून तेच पोटात जाऊन २३ मुलं गेली, तरी त्याच्या ३६ टक्केवाल्या नेहमीच्या बाटलीवर बंदीचा आदेश यायला २०२३ उजाडलं. मला राग येतो, येणारच. पण तो राग कागद भाड्याने द्यायचं कारण होत नाही. ती बाटली शेवटी कोणाच्या तरी हातून जाते की नाही?

आणि फक्त बाटलीचं नाही हे, गोणीचंही आहे. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची ५० किलोची १३५० ला. २०१० मध्ये बाकी खतांचं अनुदान त्यांतल्या अन्नद्रव्यांच्या प्रमाणावर बांधलं, युरिया मात्र बाहेर ठेवला, त्याचा भाव सरकारच ठरवतं. मग शेतकरी काय टाकणार? स्वस्त आहे तेच टाकणार, आणि युरियाने पऱ्हाटी चार दिवसांत काळीशार हिरवी होते, डोळ्यांना बरं वाटतं. पण जास्तीच्या नत्राने पानं लुसलुशीत होतात, त्यावर मावा, तुडतुडे, पांढरी माशी तुटून पडते, झाड उंच जातं, मग फवारणी, मग परत फवारणी. म्हणजे स्वस्त गोणीच पुढच्या महागड्या बाटल्यांचं गिऱ्हाईक तयार करते. ही साखळी मला विसेक वर्षं दुकानात बसून दिसली नाही, वावरात उभं राहिलो तेव्हा दिसली. मी गल्ल्यावर बसून अंगठा घ्यायचो, मशीनमधून पावती काढायचो, पाच गोण्या द्यायचो, माती तपासलीय का हे विचारत नव्हतो.

आणि त्यातला पिकाने न घेतलेला भाग जातो कुठे, तर विहिरीत. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने बिघडलेल्या पाण्याच्या जिल्ह्यांत आपलं यवतमाळ आहे, वर्धा, अमरावती, बुलढाणाही आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. सगळं नायट्रेट युरियाचंच असतं असं मी म्हणणार नाही, उकिरडे आणि शौचखड्ड्यांचंही असतं. पण लहान बाळाला वरचं दूध त्या पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची ऑक्सिजन न्यायची ताकद जाते, बाळ निळसर पडू शकतं, आणि आपल्या बाया बिचाऱ्या काळजीने पाणी आणखी उकळतात. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि ते अजून घट्ट होतं. हे त्यांना कोण सांगणार? आशाताई सांगेल एखादी. पण गोणी देणाऱ्यानेही सांगायला हवं की नको? तुझ्या कागदाखाली त्या दुकानात जो पोरगा बसणार आहे, बारावी नापास, कमिशनवर, तो सांगेल?

मी लहान होतो तेव्हा आमच्या वावरात जवारी असायची, तिच्यात मूग, बरबटी, कडेला अंबाडी, आणि आईला औषधाचा वास म्हणजे काय हे माहीत नव्हतं. ते दिवस परत आणा असं मी सांगत नाही, पोटाला पैसा लागतो आणि कापसानेच माझ्या बापाचं घर बांधलं. पण सरकार गहू-तांदूळ हमखास विकत घेतं, जवारीला भाव जाहीर होतो आणि घ्यायला कोणी येत नाही, मग वावरात उरतं कापूस नि सोयाबीन, आणि एकाच पिकावर तीच ती कीड दरवर्षी. असो, यावर लिहायला लागलो तर थांबणार नाही.

तू परत विचारशील, हजर नसले तर माझा काय दोष. अगं तोच तर दोष! हजर नसणंच विकत घेतायत ते तुझ्याकडून. लायसनवर तुझं नाव असणार, उद्या कोणाच्या तोंडातून फेस आला तर पोलीस तुझ्या दारात येतील, ती भीती मी दाखवत नाही, ती तुला वकील सांगेल. मला एवढंच विचारायचं आहे की तू चार वर्षं किडींच्या अवस्था, बाटलीवरचे लाल-पिवळे-निळे-हिरवे त्रिकोण, काढणीआधी किती दिवस फवारायचं नाही, हे सगळं पाठ केलंस ते कोणाला द्यायला? भिंतीला?

बाबांचं मला समजतं. कर्ज काढून शिकवलंय, परीक्षेचा भरवसा नाही, त्यांना वाटतं चार पैसे येतील तर येऊ देत. त्यांच्यावर चिडू नकोस, चिडायचं तर माझ्यावर चीड, मीच तुला पहिल्या वर्षाला "काउंटरवर अनुभव घे" म्हणालो होतो. त्यांना सांग काकांच्या दुकानात कागदासकट तू स्वतः बसणार आहेस, सकाळी वावर, दुपारी दुकान, संध्याकाळी तुझा अभ्यास. त्यांनी देऊ केलेत तेवढे पैसे मी देऊ शकणार नाही, निम्म्याच्या जरा वर देईन. आणि तुला परीक्षा देऊन कृषी अधिकारी व्हायचंय ना, मग त्या खुर्चीवर बसायच्या आधी शंभर वावरं पाहिलेली असू देत, नाहीतर तूही कागदच होशील. हे जरा कडक लिहिलं गेलं. राहू दे तसंच.

रविवारी सकाळी सातच्या आत ये, ऊन चढलं की पांढरी माशी उडते, मोजता येत नाही. त्याच धुऱ्यावरच्या वावरात जायचंय, तो माणूस आता तिथे निंदणाला असतो, त्याच्याशी तुझी ओळख करून देतो. पूर्ण बाह्यांचं घालून ये, पाण्याची बाटली घे आणि जमलं तर भिंग आण, माझ्याकडे एकच आहे. त्यांनी पाठवलेला करारनामा सही न करता सोबत आण, त्यात नेमकं काय लिहिलंय ते मला वाचायचं आहे.

तुझा
काका